बॅग फिल्टर पुन्हा पुन्हा पेटतोय? आग तिथे लागत नाही, तिथे पोचते

बॅग फिल्टर म्हणजे यंत्रांतली धुळीची हवा कापडी पिशव्यांतून गाळणारी पेटी. तक्रार सगळीकडे साधारण सारखीच असते. प्लँट बरा चाललेला असतो आणि एका सकाळी बॅग फिल्टरच्या चिमणीतून निळसर धूर दिसतो. करपलेल्या कोंड्याचा वास येतो. दार उघडावं तर दहा-बारा पिशव्या वितळून आतल्या तारेच्या पिंजऱ्याला चिकटलेल्या. पिशव्या बदलतात, आतून झाडून घेतात, पुन्हा चालू. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच.

आमच्याकडे हे एका हंगामात चार वेळा झालं. विदर्भातला पेलेटचा, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळाऊ गोळ्यांचा कारखाना. कच्चा माल म्हणजे पऱ्हाट्या (कापसाच्या वाळक्या काड्या), तुराट्या (तुरीच्या काड्या), सोयाबीनचं कुटार आणि सॉ मिलचा भुसा. औष्णिक केंद्रांत कोळशासोबत बायोमास पेलेट जाळायचं सुधारित धोरण केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये आणलं. त्यानंतर मागणी वाढेल म्हणून आमच्या मालकांनीही जुन्या ब्रिकेट प्रेसशेजारी पेलेटची लाइन टाकली. देखभाल माझ्याकडे. चारही आगींच्या नोंदीत कारण वेगळं होतं: एकदा ‘स्टॅटिक’, एकदा ‘कामगाराची बिडी’, एकदा ‘पिशव्यांचा दर्जा’ आणि चौथ्यांदा नुसतंच ‘उष्णता’. उपाय मात्र चारही वेळा एकच, नवीन पिशव्या. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

तुमच्याकडेही असंच चाललं असेल तर पिशव्यांची पुढची ऑर्डर द्यायच्या आधी लॉगबुक घेऊन बसा आणि प्रत्येक आगीच्या आधीच्या दोन तासांत काय काय झालं ते काढा. आमच्या चारपैकी तीन आगी प्लँट थांबून पुन्हा चालू झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागलेल्या निघाल्या. दोनदा फीडर ट्रिप होऊन वीज गेली होती, एकदा जेवणाच्या सुट्टीत लाइन बंद केली होती. हे डोळ्यांसमोर आल्यावर बिडीचं प्रकरण आपोआप मिटलं.

होतं काय, ते सांगतो. हॅमर मिलमध्ये, म्हणजे माल ठेचून बारीक करणाऱ्या यंत्रात, खडा किंवा लोखंडाचा तुकडा गेला की ठिणगी उडते, कधी एखादा काडीचा तुकडा नुसता लाल होतो. मिल चालू असताना तो हवेबरोबर डक्टमधून (हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळीतून) एक-दोन सेकंदांत पार होतो. बहुतेक वेळा वाटेतच विझतो. पण त्याच सुमारास वीज गेली की हवा थांबते आणि तो निखारा डक्टच्या तळाला पडलेल्या भुशात बसतो. भुसा उष्णता धरून ठेवतो. रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवायचा आणि सकाळी उकरून फुंकायचा, ही जुनी रीत. इथे भुसा म्हणजे राख आणि पंखा म्हणजे फुंकणी. अर्ध्या तासाने वीज येते, ऑपरेटर स्टार्ट दाबतो आणि तो धुमसता गोळा उचलून थेट पिशव्यांत. म्हणून आग फिल्टरमध्ये दिसते.

मग खरा प्रश्न असा की डक्टच्या तळाला भुसा पडलेलाच का होता?

डक्टवर लाकडी दांड्याने टकटक करून पाहा. रिकामा पत्रा टणटणतो, आत माल साचला असेल तर भद् असा बसका आवाज येतो. आमचा फिटर मिलपासून फिल्टरपर्यंत ठोकत गेला. आडव्या भागात सुरुवातीचे दोन मीटर सोडले तर सगळा आवाज बसका. क्लीनआउटचं झाकण उघडलं तर आत चार बोटं उंचीचा भुसा, वरून हवेने घासून अगदी गुळगुळीत झालेला. ‘साहेब, हे तर आपण गोदाम केलं ना जी,’ तो म्हणाला.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. वर्षभरापूर्वी चाळणी, एलिव्हेटर आणि बॅगिंग अशा तीन ठिकाणी धूळ ओढणारे नवे हुड जोडले होते. ठेकेदाराने मुख्य डक्ट ३०० मि.मी.चा काढून ४०० मि.मी.चा टाकला, ‘पुढे वाढवायला बरा’ म्हणून. पंखा तोच ठेवला. पंखा तासाला साधारण ६,००० घनमीटर हवा ओढतो. म्हणजे ४०० मि.मी. व्यासात वेग येतो सेकंदाला सव्वातेरा मीटर. लाकडाचा भुसा हवेत तरंगत न्यायला सेकंदाला २० मीटरच्या आसपास वेग लागतो. तेरा मीटरला जड कण खाली बसणारच. हेच गणित ३०० मि.मी.ला केलं तर साडेतेवीस मीटर निघतं. जुन्या डक्टमध्ये हा त्रास का नव्हता, ते इथे कळलं.

यात एक खोच आहे. नुसता डक्ट पुन्हा बारीक करून भागत नाही. तेवढीच हवा ३०० मि.मी.मधून ढकलायची तर घर्षणाचा दाब ४०० मि.मी.च्या चौपट लागतो. चार हुड जोडलेल्या लाइनवर जुना पंखा तेवढं देईलच असं नाही. आम्ही बॅगिंग आणि एलिव्हेटरला वेगळा छोटा पंखा आणि वेगळा फिल्टर दिला, मिल आणि चाळणी जुन्या पंख्यावर ठेवली आणि डक्ट ३२० मि.मी.चा केला. तिथे आता वीस मीटरच्या थोडं वर वेग मिळतो. हवेचा वेग मोजणारी पिटॉट ट्यूब भाड्याने मिळते. अंदाजावर जाऊ नका, मोजा. आणि पिशव्या चोंदल्या की हाच वेग पुन्हा खाली येतो, म्हणून फिल्टरचा डीपी (पिशव्यांच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक) रोज लिहा. आमचा १०० ते १२० मि.मी. पाण्याच्या उंचीइतका असतो. १६० च्या वर गेला की मी आधी पल्सचे (पिशव्या झटकणाऱ्या हवेच्या झोताचे) सोलेनॉइड आणि डायफ्राम बघतो, मग पिशव्या.

ठिणगी जन्मते त्या जागेचीही झडती घ्यावी लागते. मिलच्या आधी चुंबक होतं, पण त्यावर पडणारा थर एवढा जाड की खालून जाणारं लोखंड त्याला धरताच येत नव्हतं. शेतातला माल म्हणजे नुसता माल नसतो. थर पातळ केल्यावर पहिल्या आठवड्यात चुंबकावरून जे निघालं ते मी एका घमेल्यात घालून मालकांच्या टेबलावर ठेवलं: बेलरची तार, नटबोल्ट, विळ्याचं तुटलेलं पातं, बैलगाडीच्या धावेचा तुकडा. त्यानंतर खडे वेगळे करणाऱ्या डी-स्टोनरची मंजुरी यायला दोन दिवस लागले. चुंबक दगड धरत नाही, बहुतेक स्टेनलेसही धरत नाही, आणि पऱ्हाट्या उपटून आणल्या तर मुळांना माती आणि खडे असतातच. खरेदीवाल्यांना सांगून उपटलेल्याऐवजी कापलेला माल घ्यायला लावला, तेव्हा खडे निम्म्याहून कमी झाले. या कामात मेन्टेनन्सपेक्षा खरेदी खात्याचा हात मोठा आहे, हे मान्य करायला मला उशीर लागला.

बेअरिंग आणि बेल्ट हा दुसरा उगम. टेम्परेचर गनने रोज प्लमर ब्लॉक (बेअरिंगचं घर) तपासतो म्हणणारे खूप भेटतात. पण चकचकीत धातूवर ती गन खरं तापमान दाखवत नाही, कमी दाखवते. बेअरिंगच्या घरावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि नेहमी त्याच जागी मारा. तापमान किती असावं यासाठी एक ढोबळ हिशोब: लाकडाच्या भुशाचा ५ मि.मी.चा थर तीनशे-सव्वातीनशे अंशांच्या आसपास पेटू शकतो, आणि विद्युत उपकरणांच्या मानकात पृष्ठभाग त्याच्या किमान ७५ अंश खाली ठेवायला सांगितलेलं आहे. थर जाड झाला की हे आकडे आणखी खाली येतात. म्हणजे मोटारीवर भुशाचं पांघरूण पडू देणं दोन्हीकडून वाईट. मोटार गरम होते आणि पेटायला लागणारं तापमानही उतरतं.

ड्रायर असेल तर त्याची हवा मिलच्या फिल्टरला जोडलेली नाही ना, तेवढं पाहा. भट्टीतून फ्ल्यू गॅसबरोबर ठिणग्या येतात. त्या सायक्लोनपर्यंतच (हवा गोल फिरवून धूळ खाली पाडणाऱ्या भांड्यापर्यंत) मरायला हव्यात.

आता स्टॅटिकबद्दल. एप्रिल-मेमध्ये विदर्भात हवा इतकी कोरडी होते की दाराच्या कडीलाही चटका बसतो, त्यामुळे स्टॅटिकला दोष देणं सोपं जातं. मी ते नाकारत नाही. पण लाकडाचा बारीक कोरडा भुसा पेटायला गॅसपेक्षा पुष्कळ जास्त ऊर्जा लागते. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा घर्षण किंवा निखाराच निघतो. तरी अर्थिंग तपासायला मल्टिमीटरशिवाय काही लागत नाही: पिशवीचा पिंजरा ते बॉडी, फ्लँज ते फ्लँज, लवचीक होजमधली तार ते डक्ट. धातू ते जमीन १० ओहमच्या आत हवं. आमच्याकडे फ्लँजमध्ये रबर गॅस्केट आणि वर जाड रंग, त्यामुळे अर्धा डक्ट हवेतच लोंबकळत होता. तांब्याच्या पट्ट्या मारल्या. अँटिस्टॅटिक पिशव्या घेतल्या असतील आणि पिंजराच अर्थिंगला जोडलेला नसेल, तर पैसे वाया गेले.

फिल्टरच्या हॉपरमध्ये (तळाच्या निमुळत्या भांड्यात) धूळ साठवायची नसते. वाचायला साधं आहे, पण आमच्याकडे खालचं गोणपाट भरलं की ऑपरेटर धूळ खाली सोडणारा रोटरी व्हॉल्व्ह बंद करून चहाला जायचा, आणि हॉपर दोन फूट भरायचं. आता खाली लेव्हल स्विच आहे. माल साचला की मिल ट्रिप होते. पहिले आठ दिवस खूप शिव्या खाल्ल्या.

धूर दिसला की काय करायचं, याचा कागद फिल्टरशेजारी लावा. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात: दार उघडायचं नाही. आमच्या दुसऱ्या आगीत दार उघडलं तेव्हा आतली हवा एकदम भुर्रकन पेटली. फिटरच्या भुवया गेल्या, एवढ्यावर निभावलं. आगीतून फुफाट्यात ही म्हण त्या दिवशी अक्षरशः कळली. फीड बंद, मिल बंद, पंखा बंद, आणि हे सगळे विसरतात ते म्हणजे पल्स बंद. पल्स चालू राहिला तर दर काही सेकंदांनी पिशव्यांवरची धूळ हवेत झटकली जाते आणि खाली निखारा आहेच. रोटरी व्हॉल्व्हही थांबवा, नाहीतर पेटता माल पुढच्या स्क्रूमध्ये उतरतो. स्फोट-झरोक्यासमोरून (स्फोटाचा दाब बाहेर सोडणाऱ्या पॅनेलसमोरून) माणसं हटवा आणि अग्निशमन दलाला बोलवा. पाणी मारायचं ते आधीच बसवलेल्या नोझलमधून, बारीक फवारा. होजची सरळ धार भुशाच्या ढिगावर मारली की ढीग उडतो आणि जे विझवायचं तेच हवेत पसरतं. पेलेटचा सायलो (साठवणीची उंच टाकी) धुमसत असेल तर मात्र पाण्याचा विचारही करू नका. पेलेट पाण्याने फुगून घट्ट होतात आणि सायलोच फाटू शकतो. तिथे सायलो बंद ठेवून तळातून नायट्रोजन देतात. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून डोकावून बघायचं नाही.

झरोक्याचं आमच्याकडे काय होतं ते सांगायला लाज वाटते. फिल्टर शेडच्या आत, पॅनेलचं तोंड बॅगिंगच्या ओट्याकडे, आणि पॅनेलला टेकून रिकाम्या गोण्यांची थप्पी. स्फोट झाला असता तर ज्वाळा जिथे माणसं पोती शिवत बसतात तिथेच गेली असती. फिल्टर बाहेर हलवायला महिना गेला आणि त्या महिन्यात ओटा दुसरीकडे नेला. फिल्टरकडे येणाऱ्या डक्टला उलट येणारा दाब अडवणारा झडपेचा व्हॉल्व्हही बसवला, नाहीतर फिल्टरमधला स्फोट डक्टमधून उलटा मिलपर्यंत येतो. स्पार्क डिटेक्शन त्यानंतर आलं. डक्टमध्ये इन्फ्रारेड सेन्सर आणि पुढे पाच मीटरवर पाण्याचं नोझल. हवेचा वेग २० मीटर, म्हणजे हाताशी पाव सेकंद. त्याचा मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे काउंटर. दिवसाला किती ठिणग्या गेल्या ते कळतं. ज्या ट्रकचा माल खडाळ, त्या दिवशी आकडा उडी मारतो. खरेदीवाल्यांशी वाद घालायची गरज उरली नाही.

फिल्टर सुधारला तरी शेडमधली धूळ राहतेच, आणि जीव जातात ते जास्त करून तिच्यामुळे. पहिला स्फोट लहान असतो. तो तुळया, पर्लिन, केबल ट्रे यांवर वर्षानुवर्षं बसलेला थर झटकतो आणि दुसरा स्फोट त्या ढगाचा होतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थच्या इम्पिरियल शुगरमध्ये ७ फेब्रुवारी २००८ रोजी १४ माणसं गेली, ती साखरेच्या धुळीने. सायलोखालचा कन्व्हेयर आदल्याच वर्षी पत्र्याने झाकला होता, माल स्वच्छ राहावा म्हणून. आत साठणारी धूळ ओढायची सोय नव्हती. आपण एलिव्हेटर आणि कन्व्हेयर झाकतो तेव्हा आतून हवा ओढतो का? कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये २०१२ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन सॉ मिल उडाल्या, प्रत्येकी दोन जण गेले. तिथे किडीने मारलेलं वाळकं लाकूड कापत होते, त्याचा भुसा नेहमीपेक्षा बारीक आणि कोरडा. माल बदलला की धोका बदलतो, तो असा. ओल्या भुशावर चालवलेली लाइन तुराट्यांवर नेली तर जुने अंदाज सोडून द्या.

किती धूळ म्हणजे जास्त, याचा हिशोब मी कामगारांसमोर केला. एक चौरस मीटर जागेवरची धूळ कुंच्याने गोळा केली, तराजूत टाकली: दोनशे ग्रॅम. थर किती? जेमतेम एक मिलिमीटर. कुणी ‘घाण’ म्हणणार नाही असा. शेड पाच मीटर उंच. तेवढा थर सगळीकडे असेल आणि उडाला, तर दर घनमीटरला ४० ग्रॅम. लाकडाच्या भुशाचा ढग साधारण ३० ते ६० ग्रॅमपासून पेट घेऊ शकतो. कुणी काही बोललं नाही, पण त्या आठवड्यापासून वरच्या तुळया झाडायला सांगावं लागत नाही.

झाडायची पद्धत मात्र सुधारा. आपल्याकडे सफाई म्हणजे ‘एअर मारणे’. कॉम्प्रेसरची नळी घेऊन तुळईवर फुंकायचं, सगळा धुरळा अंगावर, आणि खाली मोटारी चालू. याला मी सफाई म्हणत नाही. आधी लाइन बंद, मोटारी थंड, मग मऊ कुंचा किंवा धुळीसाठीच बनवलेला व्हॅक्यूम. घरगुती व्हॅक्यूमच्या मोटारीत ब्रशच्या ठिणग्या असतात आणि धूळ त्यांच्याशेजारूनच जाते, तो नको. अगदीच हात पोचत नाही तिथेच हवा, तीही कमी दाबाने, बाकी सगळं झाडून झाल्यावर.

वेल्डिंगबद्दल लिहायला नको असं वाटलं होतं, पण कोल्हापूर-सांगलीकडच्या साखर कारखान्यांत काम केलेले दोन सहकारी आग्रह करत होते. गिरणीतून येणारा बगॅस निम्मा पाणीच असतो, त्यामुळे हंगामात धूळ फारशी भीतिदायक नसते. पण कॅरियरच्या तुळयांवर उडालेला बारीक भाग एप्रिल-मेपर्यंत वाळून कागदासारखा होतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत ऑफ सीझनची दुरुस्ती निघते. ग्राइंडरची ठिणगी खाली दहा मीटरवर पडली तरी पेटवते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३७ मध्ये ज्वलनशील धुळीसाठी यंत्र झाकणं, धूळ साचू न देणं आणि पेटवणाऱ्या गोष्टी दूर ठेवणं असं सगळं होतंच. ज्या भांड्यात असा माल असतो त्यावर साफ केल्याशिवाय वेल्डिंग करायचं नाही, हेही त्यात होतं. वेल्डिंगचा परवाना लिहिताना खालचे आणि शेजारचे मजलेही लिहा, आणि काम संपल्यावर माणूस तासभर तिथेच थांबवा. आमचा माणूस आधी दहा मिनिटांत जेवायला जायचा.

वीज गेल्यावर पुन्हा चालू करायचा क्रम आम्ही बदलला. आता लाइन आपोआप चालू होत नाही. आधी डक्ट आणि हॉपर बाहेरून टेपच्या जागांवर गनने तपासायचे, दांड्याने ठोकायचे, वास घ्यायचा. कुठे आसपासपेक्षा गरम लागलं तर पंखा चालू करायचा नाही. सगळं थंड असेल तर आधी नुसता पंखा पाच मिनिटं, मग फीड. नेहमीच्या बंदमध्ये उलटं: फीड बंद, मिल रिकामी, पंखा आणखी दहा मिनिटं, मग पल्स, शेवटी रोटरी. या पंधरा मिनिटांवरून प्रॉडक्शनवाल्यांशी अजून कुरबूर चालते.

डक्ट बदलल्यापासून फिल्टर पेटलेला नाही. त्यात एक पूर्ण उन्हाळा आणि अकरा ट्रिप झाल्या. एलिव्हेटरच्या खालच्या बुटाचं (तळाच्या पेटीचं) मात्र अजून निस्तरलेलं नाही. बेल्ट डाव्या बाजूला घासतो, सरळ केला की पंधरा दिवस बरा, मग पुन्हा घासायला लागतो आणि टेपवरचं तापमान आजूबाजूपेक्षा पंचवीस अंशांनी वर जातं. पुलीचा मुकुट (मधला फुगवटा) झिजला असावा असा माझा संशय आहे. पुढच्या शटडाउनला उघडणार. तोवर तिथे दर दोन तासांनी माणूस जातो, आणि बुटातला भुसा रोज संध्याकाळी हाताने काढतो.